तीन इंच साडेतीन सूत : विहिरीवरच्या डिझेल इंजिनाच्या पिस्टनची खरी साईज कशी सापडली

इंजिन आमच्या वर्कशॉपला आलं तेव्हा होळी होऊन आठ दिवस झाले होते. जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातल्या एका मोसंबीच्या बागेवरचं हे इंजिन : एक सिलिंडर, पाण्यानं थंड होणारं, हँडल मारून सुरू करायचं. लाईट नसली की विहिरीतून शेततळ्यात पाणी टाकायचं काम याच्याकडे. मालकांना गावात सगळे आबा म्हणतात, मीही आबाच म्हणतो.

"तेल लई पितंय, भाऊ. सकाळी तर उठतच नाही. दोन चमचे तेल हवेच्या तोंडात सोडलं की मंग कुठं धरतंय. अन् पाच महिन्यांमागं सगळं नवं टाकलंय यात!"

ते "सगळं नवं टाकलंय" ऐकूनच मी सावध झालो. जुन्या, झिजलेल्या इंजिनाचं निदान सोपं असतं. नवं सामान टाकूनही तीच रड असेल तर बहुतेक वेळा सामान चांगलं असतं, पण त्या इंजिनाचं नसतं.

चालू करून पाहिलं. निळा धूर, ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) फुसफुस, आणि थंड असताना एक कोरडी टकटक. इंजिन गरम झाल्यावर टकटक कमी झाली, पण गेली नाही. बेअरिंगचा आवाज जड आणि खोल येतो. हा आवाज वरच्या अंगाचा होता, भांड्यावर चमचा मारल्यासारखा. पिस्टन लायनरमध्ये, म्हणजे ते ज्या नळीत वरखाली होतं तिच्यात, डुलत होतं.

नेमप्लेट नव्हती. प्लेट जिथं असते तिथं रिव्हेटची दोन भोकं आणि रंगाचा एक चौकोन तेवढा उरला होता. आपल्याकडच्या विहिरींवरची निम्मी इंजिनं अशीच बिनप्लेटची असतात. प्लेट गेली की इंजिनाची ओळख मालकाच्या आठवणीवर येते. आबांची आठवण होती "सात एचपी, राजकोटकडून आलेलं". बनावट कुणाची हे त्यांना ठाऊक नव्हतं.

हेड उघडलं. पिस्टनच्या माथ्यावरचा काजळीचा थर रॉकेलमध्ये भिजवून लाकडी पट्टीनं काढला. माथ्यावर स्क्रू ड्रायव्हर चालवू नये, साईजची खूण काजळीखालीच असते. खूण निघाली : एक बाण आणि एसटीडी ही तीन अक्षरं. हाताखालचा पोरगा खूश झाला, "स्टँडर्ड आहे, साईज वाढवलेली नाही." खरं आहे. पण स्टँडर्ड म्हणजे कशाचं स्टँडर्ड? माथ्यावर ०.२५ किंवा ०.५० कोरलेलं असतं तर बोअर (लायनरचा आतला व्यास) किती वाढवला एवढं तरी कळलं असतं. एसटीडी मूळ माप काही सांगत नाही. हे पिस्टन मूळ मापाचं आहे एवढंच ते म्हणतं, आणि ते माप ८० असू शकतं तसंच ८७.५ही.

म्हणून आधी स्ट्रोक घेतला. पिस्टन पूर्ण वर आणि पूर्ण खाली, दोन्ही वेळा ब्लॉकच्या तोंडापासून खोली मोजली. फरक ११० मिमी. इथंच अडचण सुरू होते, कारण ११० मिमी स्ट्रोकची एकाच अंगकाठीची कितीतरी इंजिनं शेतात फिरतात. किर्लोस्करचं एव्ही १ म्हणजे ८० बाय ११०, ५५३ सीसी, पाच एचपी. त्यांचंच टीव्ही १ म्हणजे ८७.५ बाय ११०, ६६१ सीसी, सात एचपी. दोन्ही मिनिटाला १५०० फेऱ्यांवर चालणारी. आणि विलायती पेटरच्या पीएच जातीचं माप ८७.३ बाय ११०, साधारण ६५९ सीसी. ८० आणि ८७.५ कुणीही डोळ्यांनी ओळखेल. ८७.३ आणि ८७.५ यांच्यात मात्र दोन दशांश मिलिमीटरचा फरक आहे.

दोन दशांश म्हणजे आठ थाऊ, इंचाचे आठ हजारांश. ऐकायला काहीच नाही. पण ८७.३ हा आकडा मुळात इंचांतून आलेला आहे : तीन इंच आणि सात सोळांश, म्हणजे आमच्या मिस्त्री लोकांच्या भाषेत तीन इंच साडेतीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). ८७.५ ला पट्टी लावा, तीही साडेतीन सुतावरच येईल. सुताच्या हिशोबात ही दोन इंजिनं एकच आहेत. पिस्टनच्या हिशोबात एकाचं सामान दुसऱ्याला चालत नाही.

आता मापं. लायनर कापडानं कोरडा पुसला. बाहेरून माप घ्यायचा ७५ ते १०० चा मायक्रोमीटर आधी त्याच्या ७५ च्या दांडीवर तपासला. मग तो ८७.५० वर लॉक केला आणि त्याच्या दोन जबड्यांमध्ये डायल बोअर गेज (आतला व्यास मोजायचं काट्याचं साधन) धरून काटा शून्यावर आणला. बोअर गेज लायनरमध्ये सोडला की हातानं हळू डोलवायचा. काटा एका बाजूला जातो, थांबतो आणि उलटा फिरतो. जिथून उलटा फिरला तेच माप. ही डोलवण्याची सवय लागायला वेळ लागतो, आणि घाईत घेतलेलं माप नेहमी मोठं येतं, कारण गेज तिरका असतो.

वरच्या रिंगेच्या जागी, पिनच्या (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या दांडीच्या) आडव्या दिशेला, ८७.६२. तिथंच पिनच्या दिशेला ८७.५८. मधोमध ८७.५६ आणि ८७.५४. खाली ८७.५३ आणि ८७.५२. वर जास्त झीज, आडव्या दिशेला जास्त झीज. वर्षानुवर्षं चाललेल्या लायनरचं चित्र असंच दिसतं. वरच्या रिंगेपाशी जाळ असतो, तेल कमी पोचतं आणि रिंगेमागचा दाब सगळ्यात जास्त असतो.

पण या सहा आकड्यांतला एकही आकडा इंजिनाची ओळख सांगत नाही. ती दोनच जागी मिळते. एक, लायनरच्या अगदी वरची कड, जिथं वरची रिंग कधी पोचतच नाही. तिथं काजळी खरवडून माप घेतलं : ८७.५०. दुसरी, रिंगांच्या चालीखालचा पट्टा : ८७.५१. झीज पोचली नाही तिथं कारखान्याचं माप जसंच्या तसं राहतं. लायनर ८७.५ चा होता, यात आता शंका उरली नाही.

मग पिस्टन. मापाच्या बहुतेक चुका इथंच होतात, म्हणून जरा थांबून सांगतो. पिस्टन गोल नसतं आणि सरळही नसतं. माथा जाळात असतो, तो जास्त फुगणार, म्हणून तो मुद्दाम लहान ठेवतात. पिनच्या दोन्ही बाजूंना धातू जाड असतो, तिथं वाढ जास्त, म्हणून पिनच्या दिशेनंही पिस्टन कमी व्यासाचं घडवतात. थंड पिस्टन खालून किंचित रुंद आणि अंडाकृती असतं. चालू इंजिनात तापल्यावर ते गोलाकडे जातं. त्यामुळे माप एकाच जागी घ्यायचं : पिनला काटकोनात, स्कर्टच्या, म्हणजे रिंगांखालच्या घेराच्या, खालच्या भागात. कंपनीनं उंची दिली असेल तर नेमकी तिथंच.

या पिस्टनच्या माथ्याला ८६.७० भरलं, पिनच्या दिशेनं ८६.९, आणि योग्य जागी ८७.१६. म्हणजे मधल्या भागात लायनर आणि पिस्टन यांच्यात ८७.५६ वजा ८७.१६, चाळीस शतांश मिलिमीटर मोकळी जागा. अशा पिस्टनला नवेपणी दहा-अकरा शतांश पुरतात. पाच महिन्यांत तीस शतांश झीज अॅल्युमिनियमच्या स्कर्टला होत नाही, झाली असती तर ओरखडे दिसले असते. स्कर्ट जवळजवळ नवा होता, मशीनिंगच्या बारीक रेघासुद्धा शिल्लक होत्या. पिस्टन झिजलेलं नव्हतं. ते आलंच होतं लहान.

रिंगांनी दुजोरा दिला. वरची रिंग काढून लायनरच्या खालच्या न झिजलेल्या भागात सरळ बसवली आणि तोंडातलं अंतर फिलर गेजनं पाहिलं : १.०५ मिमी. दर १०० मिमी व्यासाला ०.३ ते ०.४ या ठोकताळ्यानं इथं ०.२६ ते ०.३५ हवं. ८७.३ ची रिंग ८७.५ मध्ये घातली की परीघ ३.१४ गुणिले ०.२, म्हणजे ०.६३ नं वाढतो, आणि ती सगळी वाढ रिंगेच्या तोंडातच उघडते. ०.३ अधिक ०.६३ झाले ०.९३, उरलेली रिंगेची झीज. हिशोब बसला. ब्रीदरची फुसफुस या फटीतून होती.

तेल पिण्याचं आणि टकटकीचं कारण मिळालं. सकाळी न उठण्याचं मात्र मला एवढ्यावर पटेना. म्हणून पिस्टन पुन्हा आत बसवलं, शिशाच्या तारेचे दोन तुकडे माथ्यावर पिनच्या रेषेत ग्रीसनं चिकटवले, हेड कसलं, फ्लायव्हील हातानं एक फेरा फिरवलं. हेड उघडून चेपलेली तार मोजली. २.४ मिमी! इतकी पोकळी पिस्टन आणि हेडमध्ये ठेवून डिझेल पेटेल कसं?

मी आबांना फोन लावला. "आबा, जुनं पिस्टन मिस्त्रीनं परत दिलं होतं का?"

"दिलं हाय की. कडब्यावरच्या ताडपत्रीला बांधलंय, वाऱ्यानं उडू नये म्हून."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिस्टन आलं, पिनीसकट, सुतळीची गाठ तशीच. माथ्यावर पावसाचे डाग, रिंगा खाचांत रुतलेल्या. मी ते धुतलं आणि योग्य जागी मायक्रोमीटर लावला. ८७.३०.

टेबलाशी उभं राहून तो आकडा पाहिला आणि मागं काय घडलं असेल ते सगळं उलगडलं. ८७.५ च्या बोअरचं पिस्टन नवं असताना साधारण ८७.४० भरतं, कारण क्लिअरन्स, म्हणजे दोघांमधली मोकळी जागा, पिस्टनमधूनच काढलेला असतो. वर्षानुवर्षं चालून ते ८७.३० झालं. आधीच्या मिस्त्रीनं व्हर्नियर लावला, ८७.३ वाचलं, आणि दुकानात ८७.३ मागितलं. दुकानात त्या आकड्याचं खोकं खरंच असतं, म्हणून कुणाला शंका आली नाही. पण खोक्यावरचा आकडा बोअरचा असतो, पिस्टनचा नसतो. ८७.३ च्या खोक्यातलं पिस्टन भरतं ८७.२०. म्हणजे झिजलेल्या पिस्टनच्या जागी त्याहूनही दहा शतांशांनी बारीक नवं पिस्टन बसलं, आणि लायनर जुनाच राहिला. त्या मिस्त्रीला मी मूर्ख म्हणणार नाही. त्यानं मोजलं होतं, आणि आकडा बरोबर वाचला होता. बोअर मोजला नाही, एवढंच.

दोन्ही पिस्टनं काचेवर शेजारी उभी केली. पिनच्या भोकाच्या वरच्या कडेपासून माथ्यापर्यंत मोजून त्यात पिनचा निम्मा व्यास मिळवला. जुनं पिस्टन नव्यापेक्षा १.४ मिमी उंच. पिनीही वेगळ्या : नवी पिन किंचित बारीक होती, आणि ती बसावी म्हणून कनेक्टिंग रॉडमध्ये जाड बुश ठोकून बारीक भोक काढलेलं होतं. पिन बसत नाही म्हणजे पिस्टन या इंजिनाचं नाही, ही सूचना इंजिनानं त्याच वेळी दिली होती. बुश ठोकून ती गप्प केली गेली.

आता त्या १.४ मिलिमीटरचा हिशोब करा. ८७.५ व्यासावर त्याचं घनफळ होतं सुमारे ८.४ सीसी. या घडणीच्या टीव्ही १ ला कंप्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते तो आकडा; डिझेल या दाबानं तापलेल्या हवेतच पेटतं) १७.५ ला १ असतो, म्हणजे पिस्टन पूर्ण वर असताना ६६१ भागिले १६.५, जवळपास ४० सीसी जागा. त्यात ८.४ मिळवले की ४८.५, आणि रेशो उतरतो १४.६ वर. त्यात रिंगेच्या तोंडातून गळती. थंडीत पहाटे हवा तेवढी तापतच नसणार. दोन चमचे तेल सोडलं की तेवढ्यापुरतं रिंगांना सील मिळत होतं, म्हणून ते धरत होतं. आबांचा उपाय बरोबर होता, पण तेच आजाराचं लक्षणही होतं.

नवं सामान आणताना पोराला चिठ्ठी लिहून दिली. "सात एचपीचं किट" असं सांगून पाठवलं असतं तर पुन्हा तोच खेळ झाला असता. चिठ्ठीत होतं : बोअर ८७.५० स्टँडर्ड, स्ट्रोक ११०, जुन्या पिनचा व्यास मायक्रोमीटरनं घेतलेला, पिनपासून माथ्याची उंची, रिंगांची संख्या आणि प्रत्येकीची जाडी, माथ्यावरच्या खड्ड्याचा व्यास आणि खोली. सोबत सुतळीवालं जुनं पिस्टन. लायनर ओला असल्यामुळे, म्हणजे त्याच्या पाठीला थेट पाणी लागत असल्यामुळे, बोअरिंग करून साईज वाढवण्यात अर्थ नव्हता. लायनर, पिस्टन, रिंगा, पिन असा पूर्ण सेटच घ्यायचा ठरवला.

सेट आला दुपारी अडीचला. एप्रिल लागला होता. पोरगा मोटारसायकलवरून आला, खोकं डिक्कीत. मी लगेच मायक्रोमीटर लावला : ८७.४४. लायनर दुकानदाराच्या माणसानं सकाळीच आणून टाकलेला, सावलीत पडून होता : ८७.५१. क्लिअरन्स सात शतांश. खोक्यावर छापलेला ०.११. माझ्या तोंडून निघालंच, "टाईट आहे, परत ने."

मग पिस्टन हातात धरलं तेव्हा लक्षात आलं की ते चटका बसेल इतकं गरम आहे. पिस्टनच्या मिश्रधातूचा ८७ मिमी व्यास २० अंशांनी तापला की साडेतीन शतांशांच्या आसपास वाढतो. लायनरचं बीड (कास्ट आयर्न) त्याच्या निम्म्यानं वाढतं, आणि इथं तर बीड थंड होतं. ज्या क्लिअरन्ससाठी भांडायचं त्याचा एक तृतीयांश भाग नुसत्या उन्हानं खाल्ला होता. पिस्टन, लायनर आणि मायक्रोमीटर तिन्ही एकाच फरशीवर रात्रभर ठेवले. सकाळी सातला पिस्टन भरलं ८७.४०. क्लिअरन्स ०.११, खोक्यावर लिहिलेला तेवढाच. तेव्हापासून मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मी फिटिंगची मापं दुपारी घेत नाही.

जुना लायनर निघाला तेव्हा त्याच्या पाठीवर क्षाराचा पांढरा, खरखरीत थर होता, पाणी वाहतं त्या बाजूला कमी आणि मागच्या बाजूला बोटाच्या नखाएवढा जाड. आपल्या काळ्या दगडातल्या विहिरींचं पाणी तसंच. ब्लॉकमधली पाण्याची जागा खरवडून साफ केली. नवा लायनर साबणाच्या पाण्यात बोट बुडवून रबरी रिंगांसह दाबून बसवला आणि पुन्हा बोअर गेज सोडला. खालच्या रबरापाशी तीन शतांश कमी! लायनर बाहेर काढला, एक रिंग पिळली गेली होती. ती सरळ करून पुन्हा बसवला, आता वरपासून खालपर्यंत एकच माप. लायनर बसवल्यानंतरचं हे दुसरं माप फार लोक टाळतात. बाहेर बरोबर असलेला लायनर ब्लॉकमध्ये दाबला गेला तर पिस्टन तिथंच धरतं.

जाड बुश काढला, मूळ पिनच्या व्यासाचा नवा बुश बसवून रीमरनं पिन अंगठ्याच्या दाबानं सरकेल इतकी मोकळी केली. रॉड वाकलेला नाही हे तपासून घेतलं. रिंगांची तोंडं ०.३० आणि ०.३२ भरली. शिशाची तार पुन्हा लावली : एक मिलिमीटर, आधीच्या २.४ मधून बरोबर १.४ गेले.

इंजिन बागेत बसवलं त्या दिवशी आबा पहाटेच विहिरीवर येऊन थांबले होते. हँडलच्या तिसऱ्या फेऱ्याला लिव्हर सोडला आणि ते धरलं. पहिले काही तास निम्म्या लोडवर चालवायला सांगितलं, चाळीस तासांनी तेल बदलायला मी स्वतः गेलो. डिपस्टिकवर तेल खुणेच्या केसभर खाली होतं. तेवढ्या वेळात मी प्लेटच्या रिकाम्या चौकोनात पंचानं ठोकलं : ८७.५० गुणिले ११०, एसटीडी. आबांनी जुनं पिस्टन परत मागून घेतलं. कडब्याच्या ताडपत्रीला अजून ते लागतं.